शोधनिबंधाला 'मेजर रिव्हिजन' आलंय, सुरुवात कुठून करू?

पूर्वभाग

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते आहे. पूर्वभागातल्या यंत्रमाग शेडमधला आवाज आणि तिथल्या कामगारांची ऐकण्याची क्षमता, असा विषय आहे. निबंध एका इंग्रजी जर्नलला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं: मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या सुधारणा करून परत पाठवा.

पहिल्या परीक्षकाने थोडक्यात आटोपलंय, 'भाषेला पॉलिश हवं.' दुसऱ्याने मात्र सविस्तर लिहिलंय. निष्कर्ष आकड्यांच्या पुढे पळतात, कामगारांच्या वयाचा विचार नीट झालेला नाही, ऑडिओमेट्री (यंत्राने ऐकण्याची तपासणी) कोणत्या वेळी केली ते कुठेच नाही, प्रस्तावना फार लांबली आहे, असं त्याचं म्हणणं.

गाईड सर म्हणतात, आधी इंग्रजी कुणाकडून तरी नीट करून घे, बाकीचं मग बघू. कॉलेजजवळच्या एका सेंटरवाल्याने 'पॉलिशिंग आणि पब्लिकेशन'चं पॅकेज सांगितलंय, पैसे आधी. मला ते पटत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, कुठून हात घालू?

पार्क_चौक

आधी अभिनंदन! मेजर रिव्हिजन म्हणजे नकार नव्हे. संपादकाला निबंधात दम वाटला नसता तर परीक्षकांकडे गेलाच नसता, परस्पर परत आला असता. आणि दोन पानं लिहिणारा परीक्षक भेटायला नशीब लागतं. त्याने तुमचा निबंध खरंच वाचलाय.

हिप्परगा

ताई, मी संख्याशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, इंग्रजी सगळ्यात शेवटी. वीण चुकलेली चादर धुऊन इस्त्री केली तरी वीण चुकलेलीच राहते. शिवाय आज जी वाक्यं पैसे देऊन सुधारून घ्याल त्यातली निम्मी पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतःच काढून टाकाल.

पहिलं काम: निबंध मिटून ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर एका वाक्यात लिहा की या अभ्यासातून काय कळलं. मराठीत लिहा, तेलुगूत लिहा, कसंही. विषय लिहू नका, कळलेलं लिहा. 'यंत्रमाग कामगारांच्या श्रवणक्षमतेचा अभ्यास' हा विषय झाला. 'कुणाच्या कानात, कोणत्या वारंवारतेला, कुणाच्या तुलनेत किती फरक दिसला' हे कळलेलं झालं. ते वाक्य लिहिता येईना तर गडबड इंग्रजीची नाही.

दुसरं: निबंधाची प्रत काढा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पेन्सिलीने चार-पाच शब्दांत लिहा की हा परिच्छेद काय सांगतो. मग फक्त समास वाचत जा. एकच गोष्ट दोनदा आली असेल, निकालाचं वाक्य पद्धतीच्या भागात घुसलं असेल, एखाद्या परिच्छेदाला सांगण्यासारखं काहीच नसेल, ते सगळं तिथे उघडं पडतं. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हे सक्तीने करून घ्यायचो. स्क्रीनवर होत नाही हे काम, कागदच हवा.

तिसरं: तक्ते. परीक्षक आधी तक्ते बघतो, मग मजकूर. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून उचललेला तक्ता तसाच चिकटवला असेल तर तिथे पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) ०.००० अशी दिसत असेल. शून्य संभाव्यता असं काही नसतं, ते ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. टक्केवारीचंही तेच. समजा ३२ पैकी ११ जणांना त्रास असेल, तर संगणक ३४.३७५ टक्के देतो. इतक्या लहान गटात तीन दशांश स्थळं म्हणजे खोटी अचूकता. '३२ पैकी ११, म्हणजे ३४ टक्के' पुरे. आणि नुसती पी व्हॅल्यू देऊन थांबू नका, फरक किती आहे आणि त्याचा विश्वासांतराल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) काय आहे ते द्या. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून हेच सांगितलं होतं, की पी व्हॅल्यूवरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही.

तुमच्या निष्कर्षाचा परिच्छेद इथे मराठीत सांगाल का? त्याशिवाय पुढे बोलणं हवेत होईल.

पूर्वभाग

सर, मनापासून आभार. निष्कर्ष असा आहे: 'सोलापुरातील यंत्रमागांच्या प्रचंड आवाजामुळे कामगारांना बहिरेपणा येतो. जितकी वर्षे काम जास्त, तितके बहिरेपण जास्त. शासनाने तातडीने उपाययोजना करावी.'

पाहणी एकदाच केलेली आहे. शेडमध्ये आवाज मोजला, कामगारांची ऑडिओमेट्री केली, प्रश्नावली भरून घेतली. तुलनेसाठी एका कार्यालयातले कर्मचारी घेतले.

जकार्ड

मी ध्वनिमापनाचं काम करतो, चिंचोळी आणि अक्कलकोट रोड दोन्ही एमआयडीसीत जाणं असतं. दोन गोष्टी विचारतो.

एक. शेडची सरासरी पातळी कशी काढली? डेसिबलची साधी बेरीज-भागाकार चालत नाही. एका जागी ९० आणि दुसऱ्या जागी १०० आला, तर सरासरी ९५ येत नाही. डेसिबल हे लॉगरिदमिक माप आहे, आधी ते ऊर्जेत बदलायचं, तिथे सरासरी काढायची आणि परत डेसिबलमध्ये आणायचं. उत्तर ९७.४ च्या आसपास येतं. एक्सेलमध्ये नुसतं ॲव्हरेज लावलं असेल तर शेडमधला आवाज आहे त्यापेक्षा कमी दाखवला जातोय. म्हणजे तुमचीच बाजू तुम्ही पातळ करताय.

दोन. 'प्रचंड' काढून टाका. भारतातल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल-ए (माणसाच्या कानाला जुळवून घेतलेलं डेसिबल) ही मर्यादा आहे, अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ ची आहे. कोणत्या मर्यादेशी तुलना केली ते लिहा आणि आकडा द्या, वाचणाऱ्याला कळतं प्रचंड आहे का ते. मीटर कोणता, कॅलिब्रेशन कधीचं, मीटर कामगाराच्या कानाजवळ धरला की शेडच्या दारात, हे पद्धतीच्या भागात हवंच. दोन मागांच्या मधल्या बोळात धोटा (शटल) आपटतो तिथला आवाज आणि दारातला आवाज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कंबर_तलाव

ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून लिहिते. दुसऱ्या परीक्षकाने वेळ विचारली ती उगाच नाही. पाळी संपवून कामगार बाहेर पडतो तेव्हा त्याचे कान तात्पुरते मंदावलेले असतात, काही तासांच्या विश्रांतीने ते बरेचसे सावरतात. पाळी सुटल्या सुटल्या तपासणी केली तर हा तात्पुरता बदल आणि कायमचं नुकसान दोन्ही एकत्र मोजलं जातं. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमांत बेसलाइन (पुढच्या तुलनेसाठीच्या पहिल्या) चाचणीआधी किमान १४ तास कामाच्या आवाजापासून दूर राहायला सांगितलंय. तुमच्या चाचण्या कधी झाल्या?

वयाचं असं आहे. आवाजाने झालेलं नुकसान सहसा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसतं, आलेखावर ४००० च्या आसपास खाच पडते आणि ८००० ला रेष परत थोडी सावरते. वयाने येणारं बहिरेपणही वरच्या वारंवारतांपासूनच सुरू होतं, पण तिथे रेष खाली घसरतच जाते. तुम्ही फक्त ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी दिली असेल, तर जिथे नुकसान आहे तो भागच निबंधातून गळालाय.

पूर्वभाग

ताई, सरासरी ५०० ते २००० चीच दिली आहे, पण ४००० आणि ८००० चे आकडे प्रत्येकाचे आहेत, नुसते निबंधात घेतले नव्हते. वेळेची नोंदही वहीत आहे. काहींची तपासणी पाळी सुटल्यावर झाली आणि काहींची साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कारण मालक कामाच्या वेळात सोडत नव्हते.

कंबर_तलाव

मग तर सोनंच आहे तुमच्या हातात! दोन गट वेगळे करा. सुट्टीच्या दिवशी तपासलेल्यांवर मुख्य निष्कर्ष उभा करा, पाळीनंतरच्यांचा तक्ता वेगळा द्या. त्यातल्या किती जणांचे १४ तास खरंच पूर्ण झाले होते ते वहीतून काढा. परीक्षकाच्या शंकेला शब्दांनी उत्तर देत बसण्यापेक्षा आकडेच पुढे ठेवा.

हिप्परगा

कंबर_तलाव यांनी फार मोलाचं सांगितलं. आता वय. ज्याने माग वीस वर्षं चालवला तो वयानेही मोठाच असणार. म्हणून 'काम जास्त तितकं बहिरेपण जास्त' हे वाक्य वय बाजूला ठेवून म्हणता येत नाही. रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा परिणाम एकत्र घेऊन वेगवेगळा काढायच्या पद्धतीत) वय आणि कामाची वर्षं दोन्ही घाला. ती दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतील की वेगळी काढणं अवघड जाईल, तेही तपासा आणि लिहा. दुसरा रस्ता म्हणजे वयोगट पाडून प्रत्येक गटात कामगार आणि तुलनागट शेजारी शेजारी मांडणं. वाचकाला हा तक्ता लवकर कळतो. मी दोन्ही केलं असतं.

कार्यालयीन कर्मचाऱ्यांशी तुलना थोडी लंगडी आहे. उत्पन्न, वस्ती, तंबाखू, उपचारांची सोय, सगळंच वेगळं. आता नवा गट आणता येणार नाही, पण मर्यादांच्या परिच्छेदात हे स्वच्छ लिहा. मर्यादा लिहिल्याने निबंध कमजोर होतो असं आपल्याकडे उगाच मानतात. परीक्षकाला ती दिसणारच असते. तुम्ही आधी दाखवलीत तर त्याचा बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

एकदाच केलेल्या पाहणीवरून 'मुळे' म्हणता येत नाही. 'संबंध आढळला' म्हणा. आणि निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब नावाची २२ कलमांची तपासणी-यादी आहे, ती समोर ठेवून आख्खा निबंध एकदा पडताळा. तुमच्या परीक्षकाचे निम्मे प्रश्न त्या यादीतलेच आहेत.

बाळे_वेस

प्रस्तावनेबद्दल कुणीच बोललं नाही. त्यात काय काय आहे?

पूर्वभाग

सिद्धेश्वर मंदिर, जुनी गिरणी, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, सोलापुरी चादरीचं जीआय मानांकन, पद्मशाली समाजाचं स्थलांतर, मग यंत्रमाग. बरंच आहे.

बाळे_वेस

ताई, यातलं एकेक आपल्याला जिवाभावाचं आहे. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले, ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण कानाच्या निबंधात त्यांचं काम नाही. प्रस्तावनेने तीनच गोष्टी सांगायच्या: प्रश्न काय, आजवर काय माहीत आहे, कोणती जागा रिकामी आहे जी तुम्ही भरताय. बाकीचं काढा आणि वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवा, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लागेल.

माळढोक

बाळे_वेस, थोडा असहमत. सगळं कापू नका. सोलापुरात माग फक्त एमआयडीसीत नाहीत, पूर्वभागात घराला लागून शेड आहेत, खाली माग आणि वर संसार. म्हणजे पाळी संपली तरी आवाज संपत नाही. हा मुद्दा थेट अभ्यासाशी जोडलेला आहे, कारण ऑडिओमेट्रीआधीची १४ तासांची शांतता अशा घरात मिळणार कशी? हे दुसऱ्या गावच्या वाचकाला सुचणारही नाही. स्थलांतराचा इतिहास नको, पण घर आणि शेड एकाच भिंतीला आहेत हे वाक्य हवं.

बाळे_वेस

मान्य. हे वाक्य राहायलाच हवं. प्रस्तावनेत एकदा आणि मर्यादांत एकदा.

कंबर_तलाव

माळढोक, हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. पूर्वभाग, सुट्टीच्या दिवशी तपासलेल्यांपैकी शेडला लागून राहणारे किती, हे प्रश्नावलीत असेल तर नक्की काढा. सुट्टीला शेजारचे माग बंद होते का हेही विचारा.

विजापूर_रोड

एक व्यावहारिक सल्ला देतो. एवढं सगळं हाताने करत बसण्यापेक्षा चॅटजीपीटीला निबंध द्या, तासाभरात पॉलिश होऊन येईल. आजकाल सगळेच करतात.

पार्क_चौक

व्याकरणासाठी वापरायला माझी हरकत नाही, पण जपून. आमच्या विभागात एका निबंधात अशा यंत्राने दिलेले संदर्भ तसेच ठेवले होते. लेखकांची नावं खरी, जर्नल खरं, पण तो लेखच अस्तित्वात नव्हता. प्रत्येक संदर्भ डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून स्वतः उघडून बघा. दुसरं, ही यंत्रं वाक्य गुळगुळीत करताना 'संबंध आढळला' चं 'कारणीभूत ठरते' करून टाकतात. म्हणजे हिप्परगा सरांनी जे काढायला सांगितलं तेच मागच्या दाराने परत येतं. बऱ्याच प्रकाशकांचा नियम आहे की एआय वापरलं तर कुठे वापरलं ते सांगा, आणि एआयला लेखक म्हणून धरता येत नाही. तुमच्या जर्नलच्या सूचना वाचा. आणि कामगारांची नावं किंवा ओळख पटेल असा तपशील अशा ठिकाणी मुळीच टाकू नका.

विजापूर_रोड

ठीक, संदर्भांचं पटलं. फक्त भाषेपुरतं म्हणत होतो.

माळढोक

त्या सेंटरवाल्याच्या पॅकेजपासून लांब राहा ताई. 'पब्लिकेशन'ची हमी देणाऱ्याकडे परीक्षण होतच नाही. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून तर 'आमचं जर्नल मान्यताप्राप्त' म्हणणाऱ्यांचं पेवच फुटलंय. संपादक मंडळ खरं आहे का, जुने अंक उघडतात का, शुल्क आधीच स्पष्ट लिहिलंय का, हे स्वतः बघायचं. आणि तुमच्या हातात दोन परीक्षकांनी वाचलेला निबंध असताना तिकडे जायचंच कशाला? पीएचडीसाठी प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक काय म्हणतं ते केगावला जाऊन विचारा, पण घाई करू नका.

साम्य तपासणीही (दुसरीकडचा मजकूर उतरवलाय का ते बघणारी) सुधारणा झाल्यावर परत करा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तुमच्याच आधीच्या निबंधातलं पद्धतीचं वर्णन जसंच्या तसं आलं असेल तर तेही साम्यात धरलं जातं, तेव्हा तो भाग नव्याने लिहा.

हिप्परगा

परीक्षकांना द्यायच्या उत्तराचं पत्र निबंधाइतकंच मन लावून लिहा. त्यांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली तुमचं उत्तर, त्याखाली बदललेला मजकूर आणि पान-ओळ क्रमांक. एकही मुद्दा गाळू नका, अगदी 'भाषेला पॉलिश हवं' हासुद्धा. एखादा मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पुराव्यासह आणि सभ्यपणे. 'आपल्या अमूल्य सूचनेबद्दल आभार' प्रत्येक ठिकाणी नको, वर एकदा पुरे.

सरांनाही हे पत्र आधी दाखवा. काय बदललं आणि का, हे ओळीने समोर आलं की त्यांनाही इंग्रजी मागे का ठेवलं ते पटेल.

पूर्वभाग

गेले काही दिवस यातच होते. आवाजाच्या सरासऱ्या नव्याने काढल्या, सगळ्याच वाढल्या. सुट्टीच्या दिवशी तपासलेल्यांचा तक्ता वेगळा केला. शेडला लागून राहणाऱ्यांची नोंद प्रश्नावलीत पत्त्यावरून निघाली, त्यांना तिथून वगळून पुन्हा हिशेब केला, तरी फरक टिकला. गाईड सर पत्र वाचून म्हणाले, हेच आधी जाऊ दे.

निष्कर्ष आता असा लिहिलाय: 'तपासणीआधी किमान १४ तास आवाजापासून दूर राहिलेल्या कामगारांत, वय विचारात घेतल्यावरही, अधिक वर्षे काम केलेल्यांना ४००० हर्ट्झला ऐकू येण्यासाठी अधिक मोठा आवाज लागला. ८००० हर्ट्झला हा फरक कमी होता. पाहणी एकाच वेळची असल्याने आवाज हेच कारण असल्याचे यावरून सिद्ध होत नाही. मात्र हे चित्र आवाजाने होणाऱ्या नुकसानीशी जुळणारे आहे.' शासनाचं वाक्य काढलं.

हिप्परगा

उत्तम. हा परिच्छेद मी कुणापुढेही ठेवेन. फक्त शासनाचं वाक्य पूर्ण काढू नका. 'तातडीने उपाययोजना' यात काहीच नव्हतं, पण तुमच्या आकड्यांवरून निघणारी नेमकी मागणी हवी. कामगारांची वर्षातून एकदा ऑडिओमेट्री आणि तीही सुट्टीनंतर, ही मागणी तुमच्या तक्त्यातून सरळ निघते.

जकार्ड

आणि कानातल्या प्लगचा उल्लेख करणार असाल तर एवढं जोडा. माग चालवणारा माणूस आवाजावरून ओळखतो की धागा तुटला, धोटा अडकला. प्लग घातला की ते ऐकू येत नाही म्हणून तो काढून ठेवतो. नुसते प्लग वाटून भागत नाही हे मी शेडमध्ये रोज बघतो. प्रश्नावलीत याबद्दल काही विचारलं असेल तर ते निबंधात यायलाच हवं.

पूर्वभाग

विचारलं होतं. बहुतेकांनी हेच कारण दिलंय, मी ते 'इतर' मध्ये टाकलं होतं. आता वेगळी ओळ करते.

कंबर_तलाव

एक राहिलं. ज्यांचे कान तुम्ही तपासले त्यांना त्यांचे अहवाल मिळाले का? निबंधात नैतिक समितीची मान्यता आणि संमतीपत्र कोणत्या भाषेत होतं ते लिहालच, पण अहवाल त्या माणसाच्या हातात जायला हवा. ४००० ला खाच पडलेल्याला अजून बोलणं व्यवस्थित ऐकू येतं, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला काही झालेलंच नाही. सांगायची वेळ हीच असते.

पूर्वभाग

संमतीपत्र मराठी आणि तेलुगू दोन्हींत होतं. अहवाल छापून ठेवलेत, काहींना दिले, बरेच राहिलेत. पण आलेख बघून त्यांना काय कळणार, म्हणून मागे पडलं.

कंबर_तलाव

प्रत्येक अहवालाखाली चार सोप्या ओळी मी मराठीत लिहून देते. तेलुगूत कुणी करून देईल का?

माळढोक

माझ्या आईची भाषा तेलुगू आहे, ती लिहितेही. मजकूर आला की दोन दिवसांत देतो.

पूर्वभाग

फार मोठं काम केलंत तुम्ही सगळ्यांनी. ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात नावं वगळलेले आलेख पाठवते. सुधारित निबंध सरांच्या सहीनंतर सोमवारी जर्नलला जाईल. अहवाल मी पुढच्या सुट्टीला शेडशेडमध्ये जाऊन वाटणार आहे. जकार्ड, तेव्हा मीटर घेऊन याल का? घराच्या आतला आवाज कुणी मोजलेलाच नाही.

जकार्ड

येतो की. शेडचे माग सुरू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा मोजू. मालकांना आधी सांगून ठेवा.